देवनागरीत डोमेन घेताना : माझ्या 'दऱ्या'चा 'दर्या' कसा झाला

वाटाड्या:

नमस्कार मंडळी,

डोंगरवाटांशी निगडित बोलीतले शब्द मी बरीच वर्षं जमवतो आहे. घळ, नाळ, सोंड, पदर, खिंड अशा शब्दांना कोण कुठल्या अर्थाने वापरतं, याची टिपणं. ती सगळ्यांना वाचता यावीत म्हणून संकेतस्थळ करायचं ठरवलं आणि नाव ठरलं 'दऱ्याखोरी'. मराठी शब्दांचा संग्रह आणि त्याचा पत्ता मात्र रोमन लिपीत, हे मनाला पटेना. म्हणून डोमेन देवनागरीतच घेतलं.

नोंदणी करून देणाऱ्या कंपनीच्या अर्जात नाव टंकलं. समोर 'दऱ्याखोरी' असंच दिसत होतं. पैसे भरले, पोच आली. पोचपावतीवर नाव होतं 'एक्सएन' ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत. त्यातून काय कळणार? मी निश्चिंत राहिलो. काही आठवड्यांनी एका वाचकाने विचारलं, "तुमचं स्थळ समुद्राबद्दल आहे का?" ब्राउझरच्या पट्टीत पाहिलं तर तिथे 'दर्याखोरी' असं लिहिलेलं. रफार असलेला दर्या!

माझ्या कळफलकाने 'ऱ्या' लिहिताना साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक घातला होता. तो जोडक अर्जामागच्या प्रणालीने गुपचूप गाळून टाकला. तो गेला की उरतं ते र्या. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की नोंदलेल्या नावात दुरुस्ती होत नाही, नवं नाव घ्यावं लागेल. ते तांत्रिकदृष्ट्या खरंच आहे. पण अर्ज भरतानाच "तुम्ही लिहिलेलं नाव असं नोंदलं जाईल" एवढं दाखवलं असतं तर?

आचाऱ्यांना आणि आचार्यांना यातला फरक आपण शाळेत शिकतो. तो फरक पत्त्यात टिकत नसेल तर ती मराठीची अडचण आहे, केवळ माझी नव्हे. ज्यांनी देवनागरीत किंवा कुठल्याही बिगर-रोमन लिपीत डोमेन घेतलं आहे, त्यांनी आपला अनुभव लिहावा. नवं नाव घेण्याआधी सगळं नीट समजून घ्यायचं आहे.


रानपाखरू:

वाचून वाईट वाटलं. एक प्राथमिक प्रश्न विचारते. 'एक्सएन' ही काय भानगड आहे? आपण देवनागरीत नाव नोंदवतो, मग पावतीवर रोमन अक्षरं का?


टंकनिक:

रानपाखरू, प्रश्न अगदी मुळातला आहे. जरा सविस्तर लिहितो.

नावावरून पत्ता शोधून देणारी जी यंत्रणा आहे, डीएनएस, ती १९८० च्या दशकातली. यंत्रांच्या नावात ए ते झेड, शून्य ते नऊ आणि मधली जोडरेघ एवढंच चालेल अशी तेव्हाची रीत पडली. दोन टिंबांमधला एक तुकडा जास्तीत जास्त ६३ बाइटांचा. जगभरचे नावसेवक, राउटर, टपालप्रणाली या रीतीवर उभ्या राहिल्या. नंतर इतर लिप्या आणायच्या ठरल्या तेव्हा हे सगळं उखडून नवं बसवणं शक्य नव्हतं.

म्हणून तोडगा असा निघाला की खालच्या यंत्रणेला हातच लावायचा नाही. तुम्ही ब्राउझरमध्ये देवनागरी लिहिता, ब्राउझर त्याचं रोमन अक्षरांत रूपांतर करतो आणि ते रूप पुढे पाठवतो. नावसेवकाला आपण मराठी हाताळतो आहोत याचा पत्ताही नसतो. हे रूपांतर करण्याच्या पद्धतीला प्युनीकोड म्हणतात. २००३ साली ती मानक म्हणून प्रसिद्ध झाली. असं रूपांतरित नाव ओळखू यावं म्हणून त्याच्या आधी 'एक्सएन' आणि दोन जोडरेघा लावतात. 'भारत' या चार अक्षरांचं रूप होतं: एक्सएन, दोन जोडरेघा, मग एच २ बी आर जे ९ सी.

ही सांकेतिक लिपी गुप्त वगैरे नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. प्युनीकोड ही अक्षरं चढत्या क्रमांकाने घेतं आणि मागच्या अक्षरापासून किती पुढे जायचं व नावात कुठल्या जागी बसवायचं, एवढाच फरक लिहून ठेवतं. देवनागरीची नेहमीची अक्षरं १२८ घरांच्या एकाच कप्प्यात शेजारी शेजारी असल्यामुळे पहिली उडी मोठी, नंतरच्या लहान. त्यामुळे आपली नावं फार लांबत नाहीत. तरी काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण हे प्रत्येक वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं, हे लक्षात ठेवा. 'महाराष्ट्र' म्हणजे दहा.

आता वाटाड्या यांच्या दुखण्याकडे.

२००३ च्या नियमांत रूपांतराआधी नाव 'साफ' करण्याची एक पायरी होती. मोठी रोमन अक्षरं लहान करायची, काही अक्षरं दुसऱ्यांत बदलायची आणि न दिसणारी काही अक्षरं काढून टाकायची. शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, आणि त्याचा भाऊ शून्य रुंदीचा अजोडक, हे दोन्ही त्या काढून टाकायच्या यादीत होते. हेतू वाईट नव्हता. न दिसणाऱ्या अक्षराच्या जोरावर कोणी हुबेहूब दिसणारं दुसरं नाव घेऊ नये, एवढाच विचार. पण भारतीय लिप्यांत आणि फारसीत त्या अक्षरांना काम आहे, हे तेव्हा निसटलं.

२०१० च्या ऑगस्टमध्ये नवे नियम प्रसिद्ध झाले. त्यांत जोडकाला सशर्त प्रवेश मिळाला: आधी पाय मोडण्याची खूण असेल तरच तो चालेल. म्हणजे नव्या नियमांनी जोडकवाला 'दर्‍या' आणि रफाराचा 'दर्या' ही दोन वेगळी नावं, जुन्या नियमांनी मात्र एकच. दोन नियमांत अर्थ बदलतो अशी एकूण चारच अक्षरं आहेत. जर्मनमधला दुहेरी एससारखा एस्त्सेट, ग्रीकमधला शब्दाच्या शेवटी येणारा सिग्मा आणि हे दोन अदृश्य भाऊ. चारांपैकी एक नेमका तुमच्या कळफलकाने लिहिला.

ब्राउझरही बराच काळ एकमत नव्हते. काही नव्या नियमाने जात, क्रोम जुन्या-नव्याच्या मधल्या तडजोडीने जोडक गाळत असे. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमही नव्या बाजूला आला. तोपर्यंत एकच पत्ता एका ब्राउझरमध्ये एकीकडे आणि दुसऱ्यात दुसरीकडे नेऊ शकत होता.


वाटाड्या:

टंकनिक, मनापासून आभार. इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आता नव्या नियमांवर भरवसा ठेवून जोडकासकट नाव घ्यावं का?


टंकनिक:

नको! कृपया तसं करू नका. नियमात बसत असलं तरी नोंदणीसंस्थेवर, म्हणजे 'कॉम'सारख्या एखाद्या शेवटाखालची सगळी नावं सांभाळणाऱ्या संस्थेवर, ते घेण्याची सक्ती नसते. प्रत्येक संस्था आपली अक्षरयादी ठरवते. सगळ्यात वरच्या पातळीवर, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरच्या नावांत, हे दोन्ही अदृश्य भाऊ मुळीच चालत नाहीत.

त्यापेक्षा खरा 'ऱ' वापरा. युनिकोडमध्ये नुक्त्याचा ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक यू+०९३१. ऱ, पाय मोडण्याची खूण, य, काना. असं लिहिलं की चंद्रकोरीसारखा अर्धा र आपोआप उमटतो आणि जोडक लागतच नाही. हे अक्षर जुन्या नियमांनाही चालत होतं, नव्यांनाही चालतं. साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता असं लिहिलं तरी सामान्यीकरणात, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनरूपं एका ठरावीक रूपात आणण्याच्या पायरीत, त्याचा ऱच होतो, त्यामुळे तिथे धोका नाही.

डोळ्यांना दोन्ही 'ऱ्या' सारखेच दिसतील. फरक फक्त अक्षरं मोजल्यावर कळेल.


अक्षरयात्री:

टंकनिक यांच्या ऱ च्या सल्ल्याला जोरदार अनुमोदन. आणि 'ॲ'चं दुखणंही इथेच नोंदवते, कारण मी त्यात पोळले आहे.

'ॲ' तीन प्रकारे लिहिलेला आढळतो. एक, स्वतंत्र अक्षर ॲ, क्रमांक यू+०९७२. दोन, साधा अ आणि त्यावर वेगळा चंद्र. तीन, ए वर चंद्र, म्हणजे ऍ, जो हिंदीच्या सोयीचा आहे पण जुन्या मराठी कळफलकांवर हाच मिळायचा. पहिले दोन बहुतेक टंकांत (फॉन्टांत) तंतोतंत सारखे दिसतात. पण सामान्यीकरणात ते एक होत नाहीत! ऱ च्या बाबतीत जी सोय आहे ती इथे नाही. मानकाच्या दृष्टीने ही वेगवेगळी नावं.

स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये आला २००८ साली, आवृत्ती ५.१ मध्ये. डोमेनचे २००३ चे नियम आवृत्ती ३.२ ला बांधलेले होते. म्हणजे जुन्या नियमांच्या लेखी ॲ नावाचं अक्षर अस्तित्वातच नव्हतं. २०१० च्या नियमांनी ही गाठ सोडवली: ठरावीक आवृत्तीची यादी देण्याऐवजी अक्षराच्या गुणधर्मांवरून ते चालेल की नाही हे ठरवायची पद्धत आली. त्यामुळे नंतर आलेल्या अक्षरांनाही दार उघडं राहिलं.

आमच्या वाचनगटाचं नाव ॲ ने सुरू होतं. आम्ही स्वतंत्र ॲ वापरून नोंदवलं आणि निम्म्या सदस्यांना "असं स्थळ सापडत नाही" असा निरोप येऊ लागला. ते अ वर चंद्र देत होते. शेवटी दुसरं रूपही नोंदवलं आणि एक दुसऱ्याकडे वळवलं. 'ऑ'चंही तसंच, आ वर वेगळा चंद्र देणारे पुष्कळ आहेत.


रानपाखरू:

अरे बापरे. आणि मराठी पद्धतीचा 'ल' आणि 'श'? ते हिंदीपेक्षा वेगळे दिसतात ना? त्यांचीही दोन-दोन नावं घ्यावी लागतात का?


अक्षरयात्री:

नाही, तिथे निर्धास्त राहा. देठाचा ल असो की दुसरा, शेंडीफोड्या श असो की दुसरा, क्रमांक एकच. फरक फक्त टंकात. डोमेनला वळण कळत नाही, क्रमांक कळतो.


खटपट्या:

सर्वांच्या मेहनतीबद्दल आदर ठेवून एक विरोधी मत मांडतो.

पत्ता टंकतं कोण आता? लोक शोधपट्टीत शब्द टाकतात आणि पहिल्या दुव्यावर जातात. रोमन डोमेन घ्या, स्थळावर मराठीच मराठी लिहा, काम झालं. देवनागरी डोमेनमुळे तुम्ही कीबोर्ड बदलायला लावता, ईमेल अडकतं, दुवा चिकटवला की त्याचं एक्सएन होतं. आणि फसवणुकीचं काय? रशियन वगैरे भाषांच्या सिरिलिक लिपीतला 'ए' रोमन ए सारखाच दिसतो. २०१७ मध्ये एका संशोधकाने पूर्ण सिरिलिक अक्षरांतलं असं नाव नोंदवून दाखवलं की ते ब्राउझरमध्ये हुबेहूब ॲपलच्या पत्त्यासारखं दिसत होतं. कुलपाची खूणसुद्धा होती. म्हणजे बिगर-रोमन नावांनी लबाडांना दारच उघडून दिलं ना?


दवबिंदू:

खटपट्या, फसवणुकीचा मुद्दा गंभीर आहे, पण तो लिपीचा दोष म्हणून मांडला जातो तेव्हा मला राग येतो. रोमनमध्ये आर आणि एन शेजारी आले की एम दिसतो, लहान एल आणि एक आकडा सारखे दिसतात. म्हणून रोमन डोमेन बंद करा असं कोणी म्हणत नाही.

सिरिलिकचा धोका लोकांना लवकर कळला होता. २००२ सालीच दोन संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या नावात सिरिलिक अक्षरं घालून ते नोंदवून दाखवलं होतं. त्यावर उपायही झाले. एका नावात एकमेकांशी न जुळणाऱ्या लिप्या मिसळलेल्या असतील तर ब्राउझर ते मूळ लिपीत न दाखवता एक्सएन रूपात दाखवतो. जपानीत तीन लिप्या एकत्र येणं स्वाभाविक आहे, तिथे सूट आहे. २०१७ चं ते नाव निसटलं कारण त्यात मिसळ नव्हती, सगळीच अक्षरं सिरिलिक होती. त्यानंतर क्रोमने आवृत्ती ५८ मध्ये तोही रस्ता बंद केला: पूर्ण सिरिलिक नाव रोमनसारखं दिसत असेल आणि शेवटचं नाव रोमन असेल तर एक्सएन रूप दाखवायचं.

आणि नोंदणीसंस्थाही पहारा ठेवतात. रशियाच्या सिरिलिक शेवटाखाली फक्त सिरिलिक नावंच घेता येतात. चिनीमध्ये सोपी आणि पारंपरिक अशी दोन वळणं आहेत. एक नाव एकाला मिळालं की त्याची दुसरी रूपं इतरांना मिळू नयेत अशी व्यवस्था २००४ पासून मांडली गेली आहे. त्याला 'पर्यायरूपं अडवणं' म्हणतात.

आपल्याकडेही ही काळजी लागतेच. 'रव' आणि 'ख' बघा. गुरुमुखीतले ट आणि ठ आपल्यासारखेच दिसतात, आणि गुरुमुखीतला स आपल्या म सारखा. ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिप्यांसाठी वरच्या पातळीवर कुठली अक्षरं चालावीत, कुठली एकमेकांची पर्यायरूपं मानावीत हे ठरवायला 'निओ-ब्राह्मी' नावाचा अभ्यासगट काम करत होता. त्यात आपल्या लिपीतल्या बारकाव्यांचा विचार झाला. हे काम कोणीतरी बसून, अक्षर अक्षर तपासून केलं आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.


खटपट्या:

ठीक, फसवणुकीचं पटलं. शोधपट्टीचं अजून पटलेलं नाही.


वाटाड्या:

खटपट्या, त्यावर मी माझं कारण सांगतो. रोमनमध्ये के, ए, एल ही तीन अक्षरं लिहा. ते काल आहे, काळ आहे, कल आहे की कळ? चारही शब्द मराठीत रोजचे. ट आणि त ला एकच टी, ड आणि द ला एकच डी, ण आणि न ला एकच एन. 'बाळ' आणि 'बाल' एकाच पत्त्यावर. माझं 'दऱ्याखोरी' रोमनमध्ये लिहायला घेतलं तेव्हा एक ए की दोन, शेवटी आय की दोन ई, यावर पाच माणसांनी पाच रूपं सांगितली. तोंडी पत्ता सांगताना प्रत्येक वेळी "दोन ए बरं का" म्हणावं लागणार. देवनागरीत मी 'दऱ्याखोरी' म्हटलं की मराठी लिहिणारा माणूस ते एकाच पद्धतीने लिहितो. निदान डोळ्यांना दिसतं ते तरी एकच.

आणि शोधपट्टीने दाखवलेल्या यादीतही पत्ता दिसतोच. तिथे आपलं अक्षर दिसावं असं मला वाटतं. ज्याला रोमन वाचता येत नाही त्यालाही आपण बरोबर ठिकाणी आलो की नाही, हे कळण्याचा हक्क आहे.


खटपट्या:

के-ए-एल चं उदाहरण मला आजवर सुचलं नव्हतं. हा मुद्दा मान्य करतो. तरीही ईमेलवर माझा आक्षेप कायम आहे.


टंकनिक:

ईमेलवर तुमचा आक्षेप रास्त आहे. तिथे दोन भाग आहेत. ॲट खुणेनंतरचा भाग म्हणजे डोमेन, त्याचं प्युनीकोड रूप होतं, त्यामुळे जुन्या प्रणालींतूनही ते जातं. पण ॲटच्या आधीचा भाग, म्हणजे तुमचं नाव, त्याला प्युनीकोड लागू नाही. त्या भागाचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त ज्याच्याकडे टपाल पोचायचं त्या सेवकाला असतो, वाटेत कोणी तो बदलायचा नाही, हा टपालाचा जुना नियम. म्हणून तो भाग देवनागरीत ठेवायचा तर वाटेतल्या सगळ्या सेवकांना युनिकोड थेट समजायला हवं. त्याचं मानक २०१२ च्या फेब्रुवारीत आलं. जीमेलने २०१४ मध्ये अशा पत्त्यांवर पाठवणं आणि त्यांच्याकडून घेणं सुरू केलं. पण वाटेतला एक जरी सेवक जुना निघाला तरी पत्र परत येतं. त्याचं आपोआप रोमन रूप करण्याची सोय नाही.

आणि त्याहून मोठा अडसर म्हणजे स्थळांवरचे अर्ज. "वैध ईमेल लिहा" म्हणून लाल अक्षरात ओरडणारे. त्यामागे कोणीतरी वर्षांपूर्वी लिहिलेली एक ओळ असते, 'ए ते झेड सोडून काहीही आलं तर नाकार'. ती ओळ बदलायला पाच मिनिटं लागतात, पण बदलायला हवी हे कोणाच्या लक्षात येत नाही. या कामाला 'सार्वत्रिक स्वीकार' म्हणतात. २०२३ च्या २८ मार्चला त्यासाठी पहिला जागतिक दिवस पाळला गेला. इथे जे प्रोग्रॅमर आहेत त्यांना हात जोडून विनंती, आपापल्या अर्जांतली ती ओळ एकदा उघडून पाहा.

तोवर संपर्कासाठी एक रोमन ईमेल सोबत ठेवा.


मी_सावली:

मला इतिहासाची एक गोष्ट सांगाविशी वाटते, कारण हे सगळं कालपरवाचं आहे असा समज असतो. इतर लिप्यांतल्या डोमेनचा पहिला प्रस्ताव १९९६ सालचा. १९९८ च्या सुमारास सिंगापूरच्या विद्यापीठात त्याचे प्रयोग झाले. २००३ मध्ये मानक. पण तेव्हाही शेवट मात्र रोमनच ठेवावा लागे. नाव आपल्या लिपीत, मग कळफलक बदला, मग डॉट कॉम.

उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्यांचे हाल याहून वाईट. अरबी नाव उजवीकडून वाचायचं, टिंब आलं की कॉम डावीकडून वाचायचं. डोळे मध्येच उलटे फिरवायचे. पूर्ण पत्ता अरबीत करता येईना. २००९ च्या १६ नोव्हेंबरला देशांची नावं त्यांच्या लिपीत देण्याची योजना सुरू झाली आणि २०१० च्या ५ मे रोजी पहिली तीन नावं मूळ यादीत आली. इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरात, तिन्ही अरबी लिपीत. त्या दिवसाचं महत्त्व मला फार वाटतं. पत्ता पहिल्यांदा सलग एका दिशेने वाचता आला.

देवनागरीतला 'भारत' हा शेवट नोंदणीसाठी खुला झाला २७ ऑगस्ट २०१४ ला. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी एकच शेवट. 'संगठन' असाही एक देवनागरी शेवट आहे. आपण संघटना म्हणतो, त्यामुळे मराठी कानाला तो थोडा परका वाटतो.


दवबिंदू:

आठ भाषांना एक शेवट, यातून निघणारी एक गोष्ट. लिपी एक असली तरी लेखन एक नाही. संस्कृत, हिंदीत 'कवि', मराठीत १९६२ च्या नियमांनुसार 'कवी'. डोमेनच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं आणि दोन वेगळे मालक असू शकतात. अनुस्वाराचंही तेच, 'मंदिर' आणि 'मन्दिर'. आणि मराठी माणसंही ऱ्हस्व-दीर्घात चुकतात. ज्यांच्या नावात इकार-उकार आहेत त्यांनी सहज होणारी एक-दोन चुकीची रूपं विचारात घ्यावीत. सगळी घेत बसू नका, अंत नाही.


अक्षरयात्री:

आणखी दोन व्यवहाराच्या गोष्टी.

पत्त्यात पहिल्या तिरप्या रेघेनंतरचा भाग वेगळ्या पद्धतीने जातो. तिथे प्युनीकोड नाही, तिथे टक्केचिन्हांची पद्धत. देवनागरीचं एक अक्षर म्हणजे तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्का आणि दोन चिन्हं, म्हणजे एका अक्षराची नऊ चिन्हं. दुवा चिकटवल्यावर जो लांबलचक टक्क्यांचा साप दिसतो तो हा. डोमेन देवनागरीत घेतलं तरी आतल्या पानांची नावं थोडक्यात ठेवा.

दुसरं, सुरक्षा प्रमाणपत्र. ते एक्सएन रूपाच्या नावानेच निघतं. लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्र देणारी संस्था २०१६ च्या ऑक्टोबरपासून अशी नावं स्वीकारते, त्यामुळे तिथे आता अडचण येऊ नये. सर्व्हरच्या मांडणीतही एक्सएन रूपच लिहा.


रानपाखरू:

नाव अंकाने किंवा अनुस्वाराने सुरू करता येतं का? सहज विचारते, माझ्या डोक्यात एक नाव घोळतं आहे.


टंकनिक:

मानकानुसार देवनागरी अंक चालतात, पण संस्थेची यादी पाहून घ्या. अनुस्वार, काना, मात्रा यांनी नाव सुरू करता येत नाही, त्यांना आधी आधार लागतो. दंड, म्हणजे उभी रेघ, कुठेच चालत नाही. क़, ख़ यांसारखी एकसंध नुक्त्याची अक्षरंही चालत नाहीत, ती क आणि वेगळा नुक्ता अशी सुटी करूनच जातात. ऱ मात्र उलट, तो एकसंधच राहतो.

आणि अर्ज भरण्याआधी एक काम नक्की करा. नाव प्युनीकोडमध्ये बदला, मग आलेलं एक्सएन रूप घेऊन उलट देवनागरीत बदला. परत आलेलं नाव अक्षरशः तेच आहे का पाहा. वाटाड्यांनी हे केलं असतं तर 'दर्या' तिथेच समोर आला असता.


वाटाड्या:

आज बसून सगळं केलं. यू+०९३१ चा ऱ घेऊन 'दऱ्याखोरी' लिहिलं. मोजलं: द, ऱ, पायमोड, य, काना, ख, ओकार, र, दीर्घ ईकार. नऊ. प्युनीकोड केलं, उलटं फिरवलं, परत नऊच आणि तीच. नोंदणीसंस्थेच्या मराठी यादीत ऱ आहे याची खात्री करून मग अर्ज भरला. या वेळी दुसऱ्या कंपनीकडून. नाव मिळालं. जुना 'दर्याखोरी' सोडून देत नाही, तो नव्याकडे वळवला आहे. ज्यांचे कळफलक जोडक घालतात आणि ज्यांच्या जुन्या ब्राउझरमध्ये तो गळतो, ते तिथे जाऊन पडतील आणि तिथून बरोबर जागी येतील.

राहिला प्रश्न जोडकासकट नाव टंकणाऱ्या नव्या ब्राउझरवाल्यांचा. ते रूप माझ्या नोंदणीसंस्थेत नोंदताच येत नाही, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हातीही जाणार नाही. पण त्यांना स्थळ सापडणार नाही. असे किती लोक आहेत हे कळायला हवं. कृपया आपापल्या फोनवर, संगणकावर नेहमीच्या पद्धतीने 'दऱ्याखोरी' लिहा, अक्षरं मोजणाऱ्या एखाद्या साधनात टाका आणि किती आली ते इथे लिहा. नऊ आली तर ऱ, दहा आली तर जोडक.


रानपाखरू:

फोनवर नऊ.


मी_सावली:

फोनवर नऊ. कार्यालयातल्या संगणकावर दहा! मला वाटायचं दोन्ही एकच लिहितात.


खटपट्या:

दहा. जुनी टंकनप्रणाली आहे, बारा वर्षं हीच वापरतो आहे. तिच्या मांडणीत शिफ्टबरोबर ऱ ची कळ आहे असं आत्ता पाहिलं. ती वापरून पुन्हा मोजलं, नऊ आली. आणि तुमचं स्थळ उघडलं. 'नाळ' या शब्दाखाली तुम्ही दिलेल्या अर्थात माझ्याकडे एक भर आहे, तिकडेच लिहितो.